रंगाच्या डब्यातलं ब्रह्मकमळ

आणि तुम्ही ते दिलंच का, आबा? एवढं एक सांगा, बाकीचं सगळं मी सोडून देतो. शाळा मी माझ्या पायानं सोडली, त्यात तुमचा दोष नाही. छातीत दमा खडखडत असताना तुम्ही लोकांच्या भिंती घासत राहिलात, तोंडाला फडकं बांधा म्हटलं की अंगावर यायचात, तेही सोडलं. पण कळ्या धरलेलं झाड तुम्ही स्वतःच्या दोन हातांनी उचललंत आणि त्या बाईच्या तुळशीशेजारी नेऊन ठेवलंत, ते मला सुटत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी सत्तावीसचा झालो, तरी डोक्यात भांडण सुरू झालं की अजून त्या जिन्याखालीच जाऊन उभा राहतो, जिथं डबा उचलल्यावर फरशीवर गोल ओला डाग राहिला होता.

हे सगळं पुन्हा वर आलं ते मायमुळं. मी सध्या गुजरातेत आहे, मोरबीला, फरशीच्या कारखान्यात. ह्याआधी पुण्याला हॉटेलात होतो, मग चाकणला, मग सुरतेला. कुठंच बूड टेकत नाही ह्याचं, असं माय म्हणते आणि खरंच म्हणते. भट्टीतून निघालेल्या फरशा पट्ट्यावरून येतात, त्यातली तडकलेली हातानं बाजूला काढायची, हे माझं काम. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माय पिशोरहून फोनवर ओरडत होती. गावी तिच्या घराच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला की तिला वाटतं समोरच्यालाही ऐकू येत नाही.

"काकूचा फोन आल्ता रे."

"कोण काकू?"

"आपली. हर्सूलची, घरमालकीण."

"आपली कधीपास्नं झाली ती?"

"आता तोंड लावू नको. पोरांनी घर बिल्डरला दिलं, पाडू लागलेत. ती म्हणली, मिस्त्रींचं झाड हाय, घिऊन जा. टेम्पो करावा लागंल. पैशे पाठव."

"एक रुपया नाय."

"बापाचं झाड हाय रे ते."

"बापानं देऊन टाकलं. दिलेलं परत मागत नसतात."

"मागितलं कोण? ती द्यायलीय," माय म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला. नाहीतर नेहमी मी ठेवतो.

तुम्ही रंगारी, पण ती तुम्हाला मिस्त्री म्हणायची. तुम्हाला ते बरं वाटायचं, मला माहीत आहे. आपण पिशोर सोडून शहरात आलो तेव्हा तुम्ही शहराला औरंगाबादच म्हणायचात. आता कंडक्टर संभाजीनगर म्हणून पुकारतात, तुम्हाला ती गाडी सापडली नसती. खोली शोधत आपण गल्लोगल्ली फिरलो, मी तुमचं बोट धरून. दाराशी आलं की आधी भाडं सांगायचे, मग नळाची वेळ, मग हळूच विचारायचे, आडनाव काय? तुम्ही सांगायचात. मग त्यांना आठवायचं की खोली कालच कुणाला तरी कबूल केली आहे. तुमच्याबरोबर काम करणारे म्हणायचे, अरे दुसरं सांग, कोण बघायला येतंय. तुम्ही एकदाही दुसरं सांगितलं नाही. ते मला तेव्हा लई भारी वाटलं होतं. म्हणून तर पुढचं जास्त झोंबलं. शेवटी ह्या बाईनं आडनाव ऐकलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, मागची जिन्याखालची आहे, चालेल का? तुम्ही तेवढ्यावर जन्मभर तिचे झालात. "तिनं खोली दिली," हे तुमचं ठरलेलं उत्तर. भाड्यानं दिली, आबा. फुकट नव्हती दिली. महिन्याच्या महिन्याला भाडं मोजून घेत होती.

झाड तुम्ही आणलंत ते एका बंगल्यातून. तिथं तुमचं रंगकाम चालू होतं आणि माळ्यानं छाटून टाकलेल्या ढिगात ते लांबट चपटं पान पडलं होतं. तुम्ही ते मागून घेतलंत. ब्रह्मकमळ विकत आणायचं नसतं, मागून आणायचं, असं सगळेच म्हणतात. रिकाम्या जेवणाच्या डब्यात दुमडून आणलेलं ते पान बघून माय म्हणाली, "ह्याची भाजी होती का?" तुम्ही डिस्टेंपरच्या मोठ्या डब्याला बुडाशी तापल्या खिळ्यानं भोकं पाडलीत. खाली विटांचे तुकडे, वर वाळू आणि पालापाचोळ्याची काळी माती. खुलताबादला कामाला गेलात की तिथल्या डोंगरावरून तुम्ही ती पोत्यात भरून आणायचात, बसचा कंडक्टर पोत्याचं तिकीट मागायचा आणि तुम्ही त्याच्याशी भांडायचात. त्या कंडक्टरशी भांडता यायचं तुम्हाला. डब्याच्या बाहेरून तुम्ही रंगवलेल्या सगळ्या घरांचे ओघळ होते. पिवळा, पोपटी, कुठल्यातरी पोरीच्या खोलीचा गुलाबी.

मी त्याला रोज पाणी घालायचो. जाता घालायचो, येता घालायचो. पहिलं पान बुडाशी पिवळं पडून नासलं तेव्हा तुम्ही मला कानाला धरून डब्याजवळ बसवलंत, माझं बोट मातीत खुपसलंत. "कोरडं लागंस्तवर घालायचं नाय. त्याला तहान लागू दे. नुसतं पाजत ऱ्हाणं म्हंजे माया नव्हं." उरलेला तुकडा तुम्ही पुन्हा लावला, जुन्या ब्रशच्या दांडीला सुतळीनं बांधला. उरलेली चहापत्ती धुऊन वाळवून घालायचात, केळीच्या साली भिजवलेलं पाणी घालायचात. दुपारचं ऊन लागू नये म्हणून डबा जिन्याच्या सावलीत, पण सकाळचं कोवळं मिळावं म्हणून तोंड पूर्वेला. एवढी काळजी. मला कधी तुम्ही सावलीत बसवल्याचं आठवत नाही.

ते फुलायला चार पावसाळे लागले. पानाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी कळी येते, मग देठ लांबतो, कळी खाली लोंबकळते, आणि ज्या दिवशी फुलायचं त्या दिवशी ती मान वर करते. हे तुम्हीच दाखवलंत. "मान वर केली की समज, आज रातीला." आणि मग तुम्ही काय करायचात? कामावरून येऊन हातपाय न धुता घरोघरी सांगत सुटायचात. पुढं काकूकडं, शेजारी मास्तरीणबाईंकडं, कोपऱ्यावरच्या दुकानात. "आज फुलणार हाय, या." वर्षभर आपल्या उंबऱ्याकडं न बघणाऱ्या बाया नऊ वाजल्यापासून ताटं घेऊन जिन्याखाली यायच्या. हळद, कुंकू, निरांजन, नारळ. बसायला स्वतःची सतरंजी आणायच्या, काकू तर प्यायला स्वतःची पाण्याची बाटली. आपल्या दारात आपल्याच डब्यापुढं त्या हात जोडून बसायच्या, आणि आपण भिंतीला टेकून उभे. तुम्ही बॅटरी धरायचात. फूल हळूहळू उघडतं, बाया "अगंबाई" म्हणतात, फोन काढून फोटो काढतात, त्या फोटोत आपण कुणी येऊ नये म्हणून जरा सरका म्हणतात, आणि आपण सरकतो. कळी मान वर करायची, आबा. तुम्ही कधी केलीत?

विहारातल्या माणसांनीही तुम्हाला सोडलं नाही. एका रविवारी वंदना झाल्यावर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या दारात म्हणे आरत्या व्हाया लागल्यात. बावीस प्रतिज्ञा इसरले का?" तुम्ही म्हणालात, "मी नाय ओवाळत. मी बॅटरी धरतो." लोक हसले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. येताना रस्त्यात मी विचारलं, का बोलावता त्यांना? तुम्ही म्हणालात, "फूल फुललं की मानूस बघायला येतं. त्यांच्या हातात ताट हाय म्हून माघारी धाडू का?" बोलायला बरं वाटतं असलं. ताट हातात होतं म्हणून मला राग नव्हता. आपल्या घरातला पेला कधीच त्यांच्या हातात नव्हता, त्याचा राग होता.

तेरा वर्षांचा होतो तेव्हा मी ते करून बघितलं. त्या रात्री तीन फुलं होती. बाया जमल्या, निरांजन पेटलं, आणि मी घरातून चहाचं पातेलं आणि पेले घेऊन बाहेर आलो. मायनंच करून दिला होता, तिला वाटलं तुम्ही सांगितलंय. मी म्हटलं, "काकू, आधी आत या. बसा, चहा घ्या. मग ओवाळा."

काकू हसली, मऊच हसली. "आज उपास आहे रे बाळा माझा."

"उपासाला चहा चालतो की," मी म्हटलं.

मास्तरीणबाईंची सून फस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. काकूचा चेहरा उतरला. आणि मग तुम्ही. बॅटरी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "गप ऱ्हा. माफी माग काकूची." मी मागितली नाही. पातेलं हातात घट्ट धरून उभा राहिलो, हात भाजत होता. तेव्हा तुम्ही पुढं झालात. "पोरगं हाय, काकू. मनावर घिऊ नका." आणि हात जोडलेत. ज्या फुलापुढं तुम्ही कधी जोडले नाहीत, विहारात शंभरजणांसमोर छाती काढून सांगितलंत की मी नाही ओवाळत, ते हात तुम्ही तिच्यापुढं जोडलेत. तो चहा मायनं दुसऱ्या दिवशी गरम करून आपल्यालाच पाजला. मी नाही प्यालो. तुम्ही दोन पेले प्यालात, आवाज करत.

पुढच्या पावसाळ्यात ती मागायलाच आली. पायरीच्या खाली उभी राहून बोलली, नेहमीसारखी. "अहो मिस्त्री, देवाचं झाड आहे. तुमच्याकडं ना दिवा ना उदबत्ती. दोष लागायचा तुम्हालाच. माझ्या तुळशीपाशी राहू दे. शनिवारी पोरीला बघायला पाहुणे येतायत, दारात फुललेलं दिसलं तर बरं." तुम्ही म्हणालात, "कळ्या धरल्यात, काकू. आता जागा हालवली की टाकतंय ते. फुलून जाऊ द्या, मग न्या." ती म्हणाली, "द्यायचं नसलं तर तसं सांगा ना." एवढंच. आणि तुम्ही खाली वाकलात. मी आडवा आलो तर मला कोपरानं बाजूला केलंत. धापा टाकत डबा पुढच्या अंगणात नेलात. सातही कळ्या शुक्रवारपर्यंत पिवळ्या पडून गळाल्या. पाहुण्यांनी काय बघितलं असेल, हिरवी पानं आणि रंगाचा डबा. शनिवारी रात्री ती मागच्या बाजूला येऊन म्हणाली, "मनातून दिलं नाही तुम्ही, म्हणून गळाल्या."

ती गेल्यावर तुम्ही हसायला लागलात. खोकता खोकता हसत होतात. "खरं हाय तिचं. मनातून नव्हतंच दिलं." तुम्हाला त्यात गंमत वाटली. मायलाही हसू आलं. मला त्या दिवशी तुमचा जेवढा राग आला तेवढा आजवर कुठल्या मुकादमाचाही आलेला नाही.

आणि एवढं होऊन तुम्ही दर रविवारी तिथं जायचात! स्वतःचंच झाड, दुसऱ्याच्या अंगणात, फुकट. माती उकरायची, वाळलेली पानं छाटायची, सुतळी बदलायची. ती वरून सांगायची, मिस्त्री, तुळशीला पण जरा बघा. तुम्ही तिच्या तुळशीलाही बघायचात. मी तुम्हाला हमाल म्हटलं तेव्हा तुम्ही मारलं नाही, नुसतं म्हणालात, "झाडाला काय ठाव कुणाचं अंगण." झाडाला नसेल माहीत. तुम्हाला होतं ना? त्याच हिवाळ्यात दमा वाढला आणि तुम्ही गेलात, आणि मी पंधरा वर्षांचा तुमचे ब्रश एका पिशवीत भरून उभा होतो. खोली सोडताना माय त्या डब्याला हात लावून आली. मी पुढच्या फाटकातून गेलोच नाही.

हे सगळं मंगळवारपासून डोक्यात फिरत होतं. बुधवारी दोन चांगल्या फरशा मी तडकलेल्या म्हणून फेकल्या, सुपरवायझर बोंबलला. रात्री खोलीवर आलो तर अनोळखी नंबर. मायनं माझा नंबर तिला दिला होता.

"मी रे, काकू बोलतेय."

आवाज बारीक झालाय तिचा. तीच बोलत राहिली. "आईनं तुझ्या सांगितलं, तू नको म्हणालास. नको तर नको. पण एक ऐक. चार कळ्या धरल्यात त्यानं. मान वर करायच्यात अजून. पाडणारे सोमवारी येणार होते. मी पोराला म्हटलं, त्या फुलल्याशिवाय मी इथनं उठत नाही. फुलून गेलं की मग न्यायचं. आत्ता हलवू नका, टाकतं ते."

टाकतं ते. तुमचा शब्द, आबा, तिच्या तोंडात. मी म्हटलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मिस्त्रींनी. मी तेव्हा ऐकलं नाही." मग म्हणाली, "सुनेला नको आहे फ्लॅटमध्ये. देवळातले मागत होते. मी म्हटलं, मालक आहेत त्याचे."

कुणाला गोड वाटलं असतं हे. मला वाटलं नाही. बारा वर्षांनी मालक आठवले, तेही बुलडोझर दाराशी आल्यावर. मी सरळ म्हटलं, "टेम्पोत बसून पिशोरला या. दारातून नाही, आत या. बसा, चहा घ्या आमच्या पेल्यातून. मग झाड उतरवू. नाहीतर राहू द्या तिथंच."

तिच्या मागं कुणाचातरी टीव्ही चालू होता. मग म्हणाली, "चहा आता चालत नाही मला."

"माहितंय. उपास असंल."

"उपास नाही रे. शुगर आहे मला." मग म्हणाली, "बिनसाखरेचा टाकायला सांग तुझ्या आईला." आणि फोन बंद झाला. टेम्पोत पुढं बसायला मिळेल का, एवढं विचारायला तिनं परत लावला, तेव्हा मी हो म्हणालो.

आता तुम्ही तिकडं हसत असाल, बघ म्हटलं नव्हतं का, असं. हसू नका. तुम्ही जिंकलेले नाहीत. ती येईल, मायच्या घरात पाटावर बसेल, गुडघे धरत बसेल, पेला तोंडाला लावेल, आणि ते बघायला तुम्ही नसाल. तिला चहा तुम्ही पाजायचा होता. तुमच्या जिन्याखाली, तुमच्या छातीत श्वास होता तेव्हा. मी पातेलं घेऊन बाहेर आलो होतो त्या रात्री तुम्ही नुसतं म्हणायला हवं होतं, घ्या काकू, पोरगं एवढं म्हणतंय तर. एवढंच. तिनं घेतला नसता, मला माहीत आहे. आणि तिनं बाहेर काढलं असतं तर पुन्हा गल्लोगल्ली आडनाव सांगत फिरायला लागलं असतं, तेही आता मला कळतं. मोरबीत मीही खोल्या शोधल्यात. कळतं म्हणून राग गेलाय असं समजू नका.

हे मी फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून लिहितोय. धाडायचा प्रश्न नाही, तुम्हाला डब्यावरचे रंगाचे नंबर सोडून काही वाचता येत नव्हतं, आणि मायला वाचून दाखवलं तर ती दोन दिवस जेवायची नाही. भट्टीपाशी जाऊन टाकून देईन. पण एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. लोक म्हणायचे त्या फुलाचा वास पार रस्त्यापर्यंत जातो. मला तो आठवत नाही. फुलायला लागल्यावर चार पावसाळे ते माझ्यापासून हातभर अंतरावर फुललं, आणि मी सगळा वेळ माणसांचे पाय बघत होतो, पायरी कोण चढतंय आणि कोण नाही. वास घ्यायचा राहूनच गेला. इथं खोलीतला सोबती विचारतो, कसा असतो रे, मी आपलं काहीतरी ठोकून देतो.

सुट्टी मिळणार नाही, मी येत नाही. मायला फोन केला, आबा जिन्याखाली ठेवायचे तशी सावली बघून ठेव, तोंड पूर्वेला कर, आठ दिवस पाणी नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मला शिकवू लागलास का?" मग म्हणाली, "पैशाचं काय?" टेम्पोचे तीन हजार, जाऊन येऊन, कारण बाईला परतही सोडावं लागेल. वरचे दोनशे दुधाचे आणि चहापत्तीचे, साखर धरलेली नाही. उद्या सकाळी पाठवतोय, तीन हजार दोनशे.